पट्टा

रजेवर बुर्लीला आले की पहिले दोन दिवस
आईचं स्वयंपाकघर मला स्क्रीनवरच दिसतं.
विळी निळी. खलबत्ता इतका निळा की काळाच.
भाकरी नारिंगी, आईसुद्धा नारिंगी.
जिवंत ते सगळं नारिंगी, असं ट्रेनिंगला सांगतात;
वाळलेलं, मेलेलंही नारिंगीच, ते नंतर कळतं.
मी उलथन्याकडं बघत बसते.
"संजे, चहा गार हुतोय. त्यात काय बाँब हाय व्हय?"

मग तिला सोऱ्याची गोष्ट सांगते, पुन्हा.

द्वारकाबाई मोकाशी, तासगाव, वय अडुसष्ट,
लेकीच्या बाळंतपणाला गुवाहाटीला निघालेल्या.
पिशवीत पितळी नळी, दोन्ही टोकं बंद,
आत मळसूत्र, भोवती फडकं घट्ट.
मीच मशीन थांबवलं. मीच ओरडले.
अकरा माणसं मागं सरली,
एका साहेबांच्या पायात एकच बूट.
बाई मात्र पुढं आल्या.
"चकल्या पाडायचा हाय तो, पोरी.
कुणाकडं मळल्यालं पीठ असंल तर दे, करून दावते."

आई दर वेळी पिठाशीच हसते.

जतच्या मलकप्पांचा अडकित्ता काढून घेतला, तर म्हणाले,
तोंडात दात चार, आणि म्हणे हत्यार.
मिरजेच्या एका कारागिराकडं तारेची वेटोळी होती.
तारेनं गळा आवळता येतो.
त्यानं एक तार दोन हातांत ताणली, नखानं छेडली,
आणि कुणी काही बोलेचना.
पालीच्या खंडोबाचं खोबरं मात्र मी स्वतः डब्यात टाकलं,
सुकं खोबरं पेट घेतं म्हणून.
भंडारा हातमोज्याला लागला
आणि शिफ्ट संपेपर्यंत मी बॅगांना पिवळी बोटं लावत राहिले.

एवढं सगळं आईला सांगते.
पट्ट्यांचं सांगत नाही.

काढा, ट्रेमध्ये ठेवा, पुढं चला.
दिवसाला हजारभर तरी जातात माझ्यासमोरून.
कातडं नारिंगी, बकल निळं, गुंडाळलेलं, गप.
एका हातानं पँट धरून कमानीतून जाताना
सगळे पुरुष सारखेच बापुडे दिसतात.
आजवर एकही पट्टा मी अडवला नाही.
यादीत नाही तो. यादी मला पाठ आहे.
फक्त कमरेवरून सर्रकन सुटताना त्याचा जो आवाज होतो,
त्याला माझी पाठ
अजून ताठ होते.

शाळेत मर्दानी खेळ शिकवायचे. गुरुजी म्हणाले होते,
पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी तलवार.
मी घरी येऊन विचारलं, मग आपल्यातला कसला?
आई चुलीत फुंकर घालत राहिली,
जाळ चांगला लागला होता तरी.

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली.
दारामागच्या खुंटीला आता बाजाराची पिशवी असते.
आज दिवेलागणीला शेरडं आत घ्यायला गेले,
तर फाटकाची कडी तुटलेली
आणि तिच्या जागी पट्टा.
पाचव्या भोकाला ताणून लांब झालेला,
फाटकाला दुसऱ्यातच बसलेला.
"दोरी खात्यात मेल्या," आई मागून म्हणाली.
"ह्याला तोंड लावत न्हाईत."

मी वाकून बघितलं.
दोन पावसाळे खाऊन
बकल गंजलं होतं, पार नारिंगी.

सोडलं. शेरडं आत घातली.
परत लावताना आवाज झाला, तोच.
काळ्या शेळीनं एक कान हलवला
आणि रवंथ करू लागली.
"घट्ट लाव," आई म्हणाली, "राच्चं कोल्हं येतंय."